बिडाच्या जुन्या बाथटबला घरच्या घरी नवा लेप

पुण्यात एरंडवण्यातल्या आमच्या घरातला टब सासऱ्यांनी बसवून घेतला होता. बिडाचा, आतून पांढरं इनॅमल. इनॅमल पिवळं पडलं, जाळीपाशी टवके उडाले, पण बीड ठणठणीत होतं. असा टब फोडून भंगारात घालायला माझा जीव होत नाही. तुमच्याकडेही असेल तर त्याला लेप चढवा.

आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर बीड किंवा लोखंडी पत्रा, नाही तर ॲक्रिलिक किंवा फायबर. लेप विकत घेताना दुकानदार हेच विचारतो. रविवार पेठेत बोहरी आळीत ‘टू-पॅक इपॉक्सी’ मागा, म्हणजे रंगाचा डबा वेगळा आणि हार्डनर वेगळा. सतत पाण्यात राहणाऱ्या जागेला चालतो ना, हे डब्यावर वाचून घ्या. साधा ऑइल पेंट नको, गरम पाण्याने तो सुटतो.

खरं काम रंगाच्या आधीचं. कडेचं जुनं सिलिकॉन कटरने पूर्ण काढा. त्याचा अंशही राहिला तर त्यावर रंग धरत नाही, बारीक खड्डे पडतात. जाळी खोलून ठेवा. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचे पांढरे थर असतील तर लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून फडक्याने लावून ठेवा, मग घासा. साबणाचा तेलकटपणा भांड्याच्या पावडरने काढा. टवके इपॉक्सी पुट्टीने भरून वाळू द्या.

मग वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, आधी २२० नंबर, मग ४००. कागद ओलाच ठेवायचा, कारण जुन्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ उडता कामा नये. घासून झालं की टॉर्च आडवा धरून बघा. जिथे अजून चमकतं, तिथे घासायचं राहिलंय. शेवटी थोडं पाणी ओता. ते सलग पसरलं पाहिजे. थेंब गोळा झाले तर तिथे अजून तेलकट आहे, पुन्हा धुवा.

आधीचा रंग काढायला मिथिलिन क्लोराइडचा पेंट रिमूव्हर मात्र बाथरूममध्ये अजिबात आणू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, टबमध्येच साचते, आणि आपण त्याच टबात डोकं घालून बसलेलो असतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टब रिफिनिश करणारे १३ कामगार याच वाफेने दगावल्याची नोंद आहे. इनॅमल खाऊन खडबडीत करणारी हायड्रोफ्लोरिक ॲसिडची एचिंग पेस्टही नको. घासण्याला वेळ लागतो, लागू दे.

रंगाच्या दिवशी गॅस गीझर बंद, खिडकी उघडी. केमिकलच्या वाफेसाठीची काडतुसं असलेला मास्क लावा, कापडी मास्क इथे निरुपयोगी. टब ॲसिटोनने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. नळाचं मेन कॉक बंद करून तोंडाला पिशवी बांधा, कारण ओल्या लेपावर एक थेंब पडला की डाग कायमचा. पुण्यात हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावं. पावसाळ्यात हवा दमट, लेपावर पांढुरकी साय येते. ऐन थंडीत लेप सुकता सुकत नाही.

दोन्ही भाग डब्यावरच्या प्रमाणातच, तळापासून ढवळून मिसळा. हार्डनर पडला की माल घट्ट व्हायला लागतो, म्हणून अर्ध्या टबापुरताच माल कालवा. स्प्रे नको, फोमचा बारीक रोलर घ्या. कोपरे आधी ब्रशने, मग रोलर एकाच दिशेने. पातळ दोन हात द्या, जाड एक हात ओघळतो. दुसरा हात कधी द्यायचा ते डब्यावर असतं.

वापरण्याची घाई नको. बोटाला कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला आठवडा धरून चाला. नंतर जाळी बसवा, कडेला नवं सिलिकॉन भरा. पुढे धुवायला मऊ स्पंज आणि साधा लिक्विड सोप. टॉयलेटचं ॲसिड, घासणी आणि व्हॅक्यूमने चिकटणारी रबरी चटई यांपैकी काहीही त्या टबात जाऊ देऊ नका. चटई उचलताना लेपही उचलला जातो.