ओटू (ऑक्सिजन) सेन्सर स्लो झालाय म्हणे? नवीन आणायच्या आधी एवढं बघा

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, स्कॅनर लावला आणि पी०१३३ (ओटू सेन्सर स्लो) कोड आला की आमच्या बेळगावात गॅरेजवाला लगेच सांगतो "सेन्सर होगेत्री", म्हणजे गेला, आणि आपण पैसे मोजून मोकळे. माझंही तसंच झालं, नवीन सेन्सर घातला आणि पंधरा दिवसांनी चोर्ला घाट चढताना तोच दिवा परत, गाडी पिकअपच घेईना. शेवटी दोष निघाला एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गॅसकेटमध्ये. तुमचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) आधी बसलेला हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन बघून व्होल्टेज देतो, पेट्रोल जास्त झालं की ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी पडलं की ०.१ च्या आसपास, आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करत राहतं. सिग्नल उशिरा बदलला तर मायलेज पडतं, आयडलिंग हलतं आणि एमिशन टेस्टलाही (पलीकडं चंदगडात पीयूसी म्हणतात तेच) गाडी अडकू शकते.

बघायचं कसं, तर ब्लूटूथवाला ओबीडी (गाडीचे कोड वाचणारा) स्कॅनर मोबाईलला जोडा, गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून चांगली गरम करा कारण हा सेन्सर साधारण ३०० डिग्रीच्या वर तापल्याशिवाय नीट कामच करत नाही, मग २००० ते २५०० आरपीएम धरून बँक १ सेन्सर १ चा (म्हणजे या पुढच्या सेन्सरचा) ग्राफ लावा. चांगल्या सेन्सरची रेघ करवतीच्या दात्यांसारखी भराभर वर-खाली पळते, सुस्त असला की लोळत लोळत चढते आणि तशीच उतरते. कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरची रेघ जवळपास सरळच असते, ती बघून घाबरू नका. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत पुढं वाइडबँड नावाचा वेगळ्या जातीचा सेन्सर असतो, त्याला हे व्होल्टेजचं गणित लागू नाही.

रेघ लोळत असली तरी लगेच पाना हातात घेऊ नका. आधी लीकेज. सकाळी इंजिन थंड असतानाच स्टार्ट करा, दुसऱ्या माणसाला सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं थोडा वेळ दाबून धरायला सांगा आणि मॅनिफोल्डच्या जॉइंटवर साबणाचं पाणी मारा, माझ्या गाडीत दोन नंबर सिलिंडरच्या खाली बुडबुडे आले आणि तिथंच बोटभर काळा डागही होता जो इतके दिवस मी तेलाचा समजत होतो! अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. हे काम उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको.

मग वायरिंग बघा. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. सोबत पी०१३५ (सेन्सरमधल्या हीटरचा कोड) पण आला असेल तर हीटरचा फ्यूज आधी तपासा, मग मल्टीमीटरनं हीटरच्या दोन वायरी (बहुतेक वेळा एकाच रंगाच्या) मोजा, सर्किट ओपन दाखवलं तर सेन्सर खरंच गेला.

एवढं करूनही दोष राहिला तर काढा. इंजिन कोमट असताना गंज सोडवायचं तेल मारून थोडं थांबा, २२ नंबरचा पाना किंवा खाचवाला सॉकेट लावा. टोक बघा: काळी काजळी म्हणजे गाडी जास्त पेट्रोल पितेय, त्याचं कारण शोधा नाहीतर नवाही तसाच भरेल. पांढरट दाणेदार थर असेल तर बहुतेक कुणीतरी इंजिन खोलताना चुकीचं सिलिकॉन सीलंट लावलंय. पेट्रोलमध्ये किंवा ॲसिडमध्ये बुडवून धुण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका, आतला थर खराब होतो.

नवा बसवताना अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) फक्त आट्यांना, तेही आधीच लावून आलं नसेल तरच, टोकाला अजिबात नाही. आधी हातानं फिरवून बसवा, मग साधारण ४० न्यूटन मीटर. कनेक्टरला ग्रीस फासू नका, बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीतूनच मिळते. मग कोड खोडा, हायवेवर निपाणीपर्यंत एक फेरी मारा आणि परत आल्यावर तोच ग्राफ पुन्हा लावून बघा.