यूकेत जुनं मोटरहोम घेताना: इंजिन नंतर, आधी भिंती

यूकेत येऊन दोन-तीन वर्षं झाली, स्कॉटलंडच्या एका ट्रिपमध्ये हॉटेलांनी खिसा रिकामा केला, की आपल्या लोकांच्या डोक्यात मोटरहोमचा, म्हणजे मागे झोपायची-स्वयंपाकाची सोय बांधलेल्या गाडीचा, किडा वळवळायला लागतो. नवीन परवडत नाही, म्हणून पंधरा-वीस वर्षांचं जुनं. विचार वाईट नाही. पण आपण ते गाडी म्हणून बघायला जातो. सोबत 'गाड्यांतलं कळतं' असा एक मित्र असतोच. तो बॉनेट उघडतो, ऑइलची दांडी काढून पुसतो, किती पळालीये विचारतो, आणि 'इंजिन मस्त आहे रे' म्हणून निकाल देऊन टाकतो. अहो, इंजिन बहुतेक वेळा मस्तच असतं. निवृत्त जोडप्याची गाडी, उन्हाळ्यात चार ट्रिपा आणि एरवी दारात उभी. खराब होतं ते इंजिनामागे बांधलेलं घर, आणि ते खराब करतं पाणी.

बहुतेक जुन्या मोटरहोमच्या भिंतींत लाकडी पट्ट्यांची चौकट असते. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबर, आतून पातळ प्लाय, मधे फोम. पत्र्यांचे सांधे मॅस्टिकने, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट लेपाने, बुजवलेले असतात. वर्षं गेली की ते मॅस्टिक सुकतं, भेगा पडतात आणि इथला रिपरिप पाऊस वर्षभर आत झिरपत राहतो. लाकूड आतल्या आत कुजतं, बाहेरून गाडी चकाचक. दुरुस्ती म्हणजे फर्निचर काढा, भिंत उघडा, चौकट बदला. इथल्या मजुरीच्या दरात ते हजारो पौंडांत जातं, आणि कधी कधी गाडीच्या किमतीपेक्षा बिल मोठं होतं. ओळखीतल्या एकापेक्षा जास्त कुटुंबांनी हाच खड्डा गाठलाय, आणि प्रत्येकाची एमओटी, म्हणजे गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी, पास होती.

एमओटी पास म्हणजे ब्रेक, टायर, दिवे, चॅसी, धूर त्या दिवशी ठीक होते, बस. भिंतीतली ओल, गॅसची जोडणी, पाण्याचा पंप, फ्रिज यांच्याकडे एमओटीवाला बघत नाही. त्यासाठी 'हॅबिटेशन चेक' वेगळा असतो. विकणाऱ्याकडे त्याचे दरवर्षीचे कागद असतील, ओलीचे आकडे लिहिलेला आराखडा असेल, तर ती गाडी बघण्यासारखी.

आता बघायचं कसं. शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाऊस पडून गेल्यावर जा. वसंतात भाव चढलेले असतात आणि गाड्या सुकलेल्या. दार उघडलं की बोलू नका, आधी वास घ्या. बंद तळघरासारखा कुबट वास आला, किंवा दोन-दोन एअर फ्रेशनर लटकलेले दिसले, तर सावध व्हा. मग ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर चढा, गादी उचला आणि पुढचे दोन्ही कोपरे अंगठ्याने जोरात दाबा. चांगली भिंत हूं की चूं करत नाही. कुजलेली भिंत किंचित आत जाते, आणि वरचा कागद सुरकुततो. तसाच अंगठा छताच्या खिडक्यांभोवती, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत वरपासून खालपर्यंत, मोठ्या खिडक्यांच्या खालच्या कडांना. बाकड्यांखालचे लॉकर रिकामे करायला लावा आणि टॉर्च मारून चाकांच्या वरचा भाग बघा. स्क्रूंच्या डोक्यांना गंज, प्लायवर चहाच्या रंगाची कड, एकाच कोपऱ्यात नवा कागद चिकटवलेला: हे सगळे साक्षीदार आहेत. बाहेरून सांध्यांवर घाईने फासलेलं पांढरं सिलिकॉन दिसलं, तर आत कुठेतरी पाणी आलं होतं हे नक्की. शेवटी दारापाशी आणि सिंकसमोर टाचेवर जोर देऊन चाला. जमीन स्पंजासारखी दबली, तर फरशीचे थर सुटलेत.

भिंतीतली ओल मोजणारं डॅम्प मीटर वीस-पंचवीस पौंडांत मिळतं. एवढ्या हजारांच्या खरेदीत लोक यावर कंजूषपणा का करतात ते मला आजवर कळलेलं नाही. पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत, वीसच्या वर गेलं तर प्रश्न विचारा, तीसच्या वर असेल तर चहा पिऊन घरी या. एकाच जागी टोचून थांबू नका. आधी गाडीच्या मधल्या, कोरड्या भिंतीवर आकडा घ्या आणि कोपऱ्यांची तुलना त्याच्याशी करा.

इथल्या विकणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं आहे, पण एक समजून घ्या. इंग्रज म्हातारा सहसा तोंडावर खोटं बोलत नाही. मात्र विचारलं नाही तर आपणहून सांगतही नाही, आणि खासगी विक्रीत न सांगण्याची त्याला कायद्याने मुभाही आहे. म्हणून सरळ विचारा: कधी पाणी आलं होतं का? कुठून? कोणी दुरुस्त केलं? पावती आहे का? आपल्याला असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं आणि भावावर घासाघीस करणं मात्र हक्काचं. इथे उलट आहे. डीलरकडून घेतलीत तर २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याने दोष निघाल्यास तीस दिवसांत गाडी परत करण्याचा हक्क मिळतो, डीलर जास्त पैसे घेतो ते त्याचेच.

लायसन्स. ज्याने १ जानेवारी १९९७च्या आधी इथली कारची टेस्ट पास केली, त्याला साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते. तुम्हाला नाही. तुमचा भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालतो, नंतर इथली टेस्ट, आणि दोन्हींवर मर्यादा ३,५०० किलो. म्हणजे 'मी वीस वर्षं चालवतोय, काही अडचण नाही' असं म्हणणाऱ्या आजोबांची ३,८५० किलोची गाडी तुम्ही घरापर्यंतसुद्धा नेऊ शकत नाही. सी१ची, म्हणजे साडेसात टनांपर्यंतच्या गाडीच्या परवान्याची टेस्ट द्या, नाहीतर ती गाडी सोडा. आकडा ऐकू नका, गाडीवरच्या प्लेटवर वाचा. चार ओळींतली पहिली तुमच्या कामाची: भरलेल्या गाडीचं कमाल वजन.

आणि ३,५०० म्हणजे सगळं धरून. समजा गाडी मोकळी ३,१०० किलोची आहे, उरले चारशे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. दोन भरलेले गॅस सिलिंडर तीसच्या आसपास. सायकली, मागाहून लावलेला ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छत), दुसरी बॅटरी, आणि मग माणसं. भारतातून आलेले आईबाबा बसले आणि बॅगा चढल्या, की वजन गेलंच वर. पोलिसांनी काट्यावर नेलं तर दंड, अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद. विकत घेण्याआधी विकणाऱ्याला सोबत घेऊन सार्वजनिक वजनकाट्यावर गाडी न्या. खर्च किरकोळ असतो.

याच्याच पोटातली दुसरी गोष्ट म्हणजे झोपायच्या जागा आणि बेल्टच्या जागा. जाहिरातीत 'सहा बर्थ' वाचून आपली कुटुंबं हुरळून जातात. जुन्या बऱ्याच गाड्यांत मागे बेल्टच नसतात, किंवा नुसते कमरेचे असतात. आडव्या बाकड्यांवर मुलांची सीट लावता येत नाही, आणि मूल बारा वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत सीट लागतेच. बेल्ट मोजा, पलंग नंतर मोजा. यावरून माझं काहीजणांशी वाजलंय, 'हळू चालवतो ना, काय होतंय' म्हणणाऱ्यांशी. वाजू दे.

यंत्राचं थोडक्यात. इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं, आधीच तापवून ठेवली असेल तर कारण विचारा. टायमिंग बेल्ट (इंजिनातला पट्टा) नुसता मैलांवर नाही, वर्षांवरही बदलायचा असतो, आणि कमी पळालेल्या गाड्यांत नेमका तोच राहून जातो. २००६ नंतरच्या सुरुवातीच्या फियाट डुकाटोत वायपरखालून पाणी गळून इंजेक्टरांवर पडण्याचा दोष ठाऊक असलेला आहे, तसाच चढावर रिव्हर्स घेताना होणारा थरकापही. प्यूजो बॉक्सर म्हणजे तीच गाडी, तेव्हा तिथेही बघा. टायरची नक्षी भरपूर असेल, पण बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सात वर्षांपेक्षा जुने असतील तर नव्या सेटची किंमत भावातून वजा करा.

फ्रिज गॅसवर, १२ व्होल्टवर आणि घरच्या विजेवर, तिन्हींवर चालला पाहिजे. गार व्हायला तास लागतात, म्हणून आदल्या रात्रीच गॅसवर लावून ठेवायला सांगा. बॉयलर पाणी भरून चालवून घ्या, थंडीत पाणी न काढता ठेवलेला बॉयलर फुटलेला असू शकतो. निळा सिलिंडर ब्यूटेनचा, गोठणबिंदूच्या आसपास तो गॅस देतच नाही. लाल प्रोपेन घ्या.

लंडनजवळ राहत असाल तर यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे भरायला लावणारा लंडनचा पट्टा, तपासा. ऑगस्ट २०२३पासून लंडनचे सगळे बरो (विभाग) त्यात आहेत आणि डिझेलला युरो ६ हे धुराचं मानक लागतं, जुनी मोटरहोम त्यात क्वचितच बसते. आणि गाडी उभी कुठे करणार? नव्या वसाहतींतल्या घरांच्या कागदपत्रांत बऱ्याचदा दारात कॅरॅव्हॅन-मोटरहोम उभी करायला मनाई लिहिलेली असते. शेजारी गोड हसतो आणि मग पत्र येतं. घराचे डीड्स आधी वाचा.

कागद. सरकारी साइटवर नंबर टाकला की एमओटीचा इतिहास फुकट दिसतो, मैलांचे आकडे आणि गंजाच्या सूचना वर्षांच्या क्रमाने वाचा. कर्ज शिल्लक आहे का, अपघातात मोडीत निघाली होती का, हे पैसे देऊन तपासा. व्ही५सी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, हा मालकीचा पुरावा नव्हे, त्यावर फक्त नोंदणी कुणाच्या नावे आहे ते असतं. म्हणून खरेदीची पावतीही मागा. रोड टॅक्स २०१४पासून गाडीबरोबर येत नाही: विकणाऱ्याच्या दारातच फोनवर विमा सुरू करा, व्ही५सीच्या नव्या मालकाच्या चिठ्ठीवरचा नंबर टाकून टॅक्स भरा आणि मगच किल्ली फिरवा. किल्ल्या बऱ्याच असतात: इंजिनाची, राहण्याच्या दाराची, लॉकरांची, पाण्याच्या झाकणाची, टॉयलेटच्या कॅसेटच्या (काढता येणाऱ्या मैल्याच्या टाकीच्या) दाराची. प्रत्येक कुलूप त्याच्यासमोर उघडून बघा, मग पैसे पाठवा.