पॅकेटमधलं अनोळखी केमिकल: पीक तर दिसलं, आता त्याला नाव कसं द्यायचं

अन्नाच्या पॅकेजिंगच्या लॅबमध्ये नवीन आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात फिल्मचा तुकडा सॉल्व्हंटमध्ये भिजवतो, मशीनला लावतो, ग्राफमध्ये पीकच पीक (शेतकऱ्याला हेवा वाटेल एवढं, पण इथे पीक म्हणजे एकेका पदार्थाचं उंच टोक), मशीनमधली लायब्ररी, म्हणजे ओळखीच्या पदार्थांच्या नोंदींचा संग्रह, प्रत्येकाला काहीतरी नाव चिकटवते आणि हा ती यादी रिपोर्ट म्हणून पुढे पाठवतो. मीपण हेच केलंय. त्यातली बरीच नावं चुकीची होती, आणि जी बरोबर होती त्यातली काही तर पॅकेटमधून आलेलीच नव्हती.

म्हणून मशीन नंतर, आधी चौकशी. पॅकेटला किती थर आहेत, कुठलं प्लास्टिक, थर चिकटवणारा मधला ॲडहेसिव कुठला, शाई कशी सुकवली, छापून झाल्यावर रोल गुंडाळून ठेवला होता का, माल रीसायकल केलेला आहे का, हे सप्लायरला विचारा. तो सगळं सांगणार नाही, पण अर्धवट माहितीनेसुद्धा पुढचे दिवस वाचतात. कारण अनोळखी पदार्थ बहुतेक वेळा कोणी मुद्दाम घातलेला नसतो, घातलेल्या गोष्टीचं काहीतरी होऊन तो तयार झालेला असतो. इर्गाफॉस 168 हा अँटीऑक्सिडंट घ्या. प्लास्टिकला वाचवता वाचवता तो स्वतः ऑक्सिडाइझ होतो आणि रेणूचं वजन 646 वरून 662 वर जातं, म्हणजे नेमका एक ऑक्सिजन जास्त. शिवाय तुटून त्यातून डाय-टर्ट-ब्युटाइलफिनॉल निघतं, जे जवळजवळ प्रत्येक पॉलिओलेफिनमध्ये (पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकमध्ये) दिसतं. आणि गुंडाळलेल्या रोलचं विचारायचं ते यासाठी की बाहेरची शाई आतल्या बाजूला दाबली जाते. 2005 मध्ये इटलीत लहान बाळांच्या दुधात आयटीएक्स सापडलं ते असंच, यूव्ही प्रकाशाने सुकणाऱ्या शाईतला पदार्थ, छपाई खोक्याच्या बाहेर आणि केमिकल दुधात.

मग नमुना. इथे दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकत्र करून टाकतात. मटेरियलमध्ये काय काय आहे हे बघायचं तर कडक सॉल्व्हंटने सगळं ओढून काढा, पण अन्नात काय उतरेल हे बघायचं तर मायग्रेशन टेस्ट. त्यात अन्नाच्या जागी सिम्युलंट वापरायचं: आंबट पदार्थांसाठी 3 टक्के ॲसेटिक ॲसिड, पाणीदार पदार्थांसाठी 10 टक्के इथेनॉल, तेलकटासाठी वनस्पती तेल (ते मशीनला घालणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून स्क्रीनिंगला बहुतेक जण 95 टक्के इथेनॉल वापरतात) आणि कोरड्यासाठी टेनॅक्स नावाची शोषक पावडर. युरोपच्या 10/2011 नियमाप्रमाणे रूम टेंपरेचरला सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या मालाला 10 दिवस 60 अंश सेल्सिअस. वर्षभर थांबायची गरज नाही.

आता ब्लँक, म्हणजे पॅकेट न घालता तसाच चालवलेला कोरा नमुना, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. एकदा दोन दिवस मी एका पीकमागे धावत होतो, मशीनमध्ये रेणू फुटून झालेले 59 आणि 72 वजनाचे तुकडे, लांब साखळीच्या अमाइडचा ठसा, प्रत्येक नमुन्यात येतोय आणि ब्लँकमध्ये मात्र नाही, मग मला वाटलं सापडलं! शेवटी कळलं की नमुने मी प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये सेंट्रिफ्यूज करत होतो आणि ब्लँक सरळ काचेच्या वायलमध्ये भरला होता, म्हणजे ते ओलिअमाइड (प्लास्टिक निसरडं करायला घालतात ते अमाइड) माझ्याच ट्यूबचं होतं. तेव्हापासून नियम एकच, ब्लँक नमुन्याच्या मागे मागे फिरला पाहिजे: तीच ट्यूब, तेच फिल्टर, तेच ग्लोव्हज, तेच 10 दिवस त्याच ओव्हनमध्ये, आणि एक नाही, तीन ब्लँक. जीसीमध्ये (पदार्थांची वाफ करून ते वेगळे करणारं मशीन) 73, 207, 281 वजनाचे तुकडे दिसले तर ते बहुतेक कॉलमचं (आतल्या नळीचं) किंवा सेप्टमचं (इंजेक्शनच्या जागच्या बुचाचं) सिलिकॉन. 149 दिसलं तर थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारा पदार्थ), पण ते लॅबच्या हवेतही असतं, सॉल्व्हंटमध्येही असतं, त्यामुळे लगेच पॅकेटवर आळ घेऊ नका.

एका मशीनने भागत नाही. उडणाऱ्या गोष्टींना हेडस्पेस (नमुन्यावरची हवा तपासणारं) जीसी-एमएस, यातला एमएस म्हणजे वजन मोजणारा भाग, त्याहून जड पण तापवल्यावर वाफ होणाऱ्यांना साधं जीसी-एमएस, न उडणाऱ्यांना एलसीला (द्रवातच पदार्थ वेगळे करणाऱ्या मशीनला) जोडलेलं क्यूटॉफ किंवा ऑर्बिट्रॅप, म्हणजे वजन फार अचूक मोजणारी यंत्रं. धातूंचं काम आयसीपी-एमएसकडे.

एलसीवालं काम सगळ्यात चिवट, म्हणून एक उदाहरण नीट बघू. लॅमिनेट पाउचच्या सिम्युलंटमध्ये 217.1071 वजनाला पीक आलं. आधी हे पूर्ण रेणूचं आहे का ते बघा: त्याच वेळेला 234.134 आणि 239.089 पण आहेत, म्हणजे अमोनियम आणि सोडियम चिकटलेले भाऊ, आणि 217 वाल्याला प्रोटॉन चिकटलाय, तेव्हा मूळ वजन 216.0998 पक्कं. 5 पीपीएमच्या (दहा लाखांत 5 भाग एवढ्या फरकाच्या) आत बसणारा फॉर्म्युला 10 कार्बन, 16 हायड्रोजन, 5 ऑक्सिजन. डेटाबेसमध्ये याच फॉर्म्युल्याचे ढीगभर पदार्थ निघतात, इथेच लोक पहिलं नाव उचलतात. पण आपल्याला माहितीये की मधे पॉलियुरेथेन ॲडहेसिव आहे, तो अॅडिपिक ॲसिड आणि डायइथिलीन ग्लायकॉलपासून बनतो, या दोघांची बेरीज करून दोन पाणी वजा केलं की बरोब्बर हाच फॉर्म्युला! म्हणजे ॲडहेसिव बनताना तयार झालेला छोटा गोल एस्टर. ॲसिडच्या सिम्युलंटमध्ये रिंग उघडून 18 ने जड पीकही दिसलं तर संशय आणखी पक्का होतो. तरीपण स्टँडर्ड (त्याच पदार्थाचा शुद्ध नमुना) विकत आणून रिटेन्शन टाइम (मशीनमधून बाहेर पडायची वेळ) आणि तुकडे जुळेपर्यंत रिपोर्टमध्ये 'संभाव्य'च लिहायचं. लायब्ररी मॅच 90 टक्के आला म्हणजे ओळख पटली असं होत नाही, एका कुटुंबातले सगळे सारखेच दिसतात.

किती आहे हा पुढचा त्रास. स्टँडर्ड नसेल तर मिळत्याजुळत्या रचनेच्या पदार्थावरून अंदाज काढतात, पण एलसीमध्ये त्यात दहापट चूक सहज होऊ शकते, तेव्हा आकडा लिहिताना कशावरून काढला तेही लिहा. मग तो आकडा टीटीसीशी (ज्याच्या विषारीपणाची माहिती नाही अशा पदार्थासाठी, रचनेवरून ठरवलेली काळजीची मर्यादा) ताडायचा: डीएनएला इजा करण्याचा संशय असलेल्या रचनेला माणशी दिवसाला 0.15 मायक्रोग्रॅम, क्रेमर क्लास 3 ला (रचनेवरून केलेल्या तीन गटांतला सगळ्यात संशयाचा) 90 मायक्रोग्रॅम. दिवसाला एक किलो अन्न धरलं तर हेच आकडे दर किलोला लागू होतात. 0.15 एवढ्या खाली स्क्रीनिंगमध्ये मशीनला सहसा दिसतच नाही, त्यामुळे अॅरोमॅटिक अमाइनसारख्या संशयितांसाठी फक्त त्यांनाच शोधणारी वेगळी टार्गेटेड मेथड लावा. नायट्रोसो किंवा अफ्लाटॉक्सिनसारख्या रचना असतील तर टीटीसी वापरायचंच नाही.

आणि ज्या पीकला नाव मिळालं नाही ते पुसू नका, वजन, रिटेन्शन टाइम आणि तुकडे यादीत ठेवा, कच्ची फाइलपण ठेवा. माझं एक 'अनोळखी' तब्बल दीड वर्षांनी सुटलं, दुसऱ्याच पाउचवर काम करताना, सप्लायरने गप्पांमध्ये ॲडहेसिवचं नाव सांगितलं म्हणून.