ओळखीच्या जगातला आरपीजी फसतो कुठे?

चित्रपट सगळ्यांनी पाहिलेत, पुस्तकं तोंडपाठ आहेत, मग त्याच जगातला टेबलटॉप आरपीजी (टेबलाभोवती बसून, आपापल्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ) आपोआप रंगेल असं गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, वाटतं. तिसऱ्या सेशनला खेळाडू मोबाईल चाळायला लागतात.

बहुतेक वेळा घोळ मूळ नायकांचा असतो. ‘स्टार वॉर्स’चा नायक ल्यूक स्कायवॉकर येतो, संकट निवारतो, निघून जातो. युद्ध अर्जुनाचं आणि आपले खेळाडू रथाची चाकं पुसताहेत! दुसरं टोकही वाईटच. टीएसआर या कंपनीच्या 1984 सालच्या, चित्रपटांवर बेतलेल्या इंडियाना जोन्स खेळात सुरुवातीला स्वतःचं पात्र बनवायचे नियमच नव्हते. इंडी व्हा, नाहीतर त्याच्या सोबत्यांपैकी कुणीतरी. (पुढे त्याच्या न खपलेल्या प्रती जाळल्या गेल्या. आगीतून वाचलेल्या तुकड्यावर इंग्रजी नावातली पहिली दोन अक्षरं गेलेली, म्हणून त्यावरून निघालेला खेळांसाठीचा पुरस्कार ‘डायना जोन्स’.)

यावर उपाय म्हणजे काळ नीट निवडणं. टॉल्किनच्या कादंबऱ्यांवरच्या ‘द वन रिंग’ या खेळाच्या 2011 च्या आवृत्तीनं मध्य-पृथ्वीच्या तिसऱ्या युगातलं 2946 हे साल धरलं. ‘हॉबिट’मधल्या पाच सैन्यांच्या लढाईला पाच वर्षं झालीत, आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा नायक फ्रोडो जन्मायलाच अजून बावीस वर्षं आहेत. जग तेच, पण रानातल्या वाटा राखायच्या तर तुमच्याच पात्रांनी.

दुसरी चूक नियमांची. डी अँड डी (‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा लढायांवर भर देणारा आरपीजी) येतं म्हणून प्रत्येक जग त्यातच कोंबायचं, आणि मग ‘हे सारखे तलवारच का उपसतात?’ म्हणून खेळाडूंवर चिडायचं. त्यांना ओरडण्याआधी नियम कशाला बक्षीस देतात ते बघा. ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेवरच्या 2009 च्या खेळात पहिली पाळी बोलणाऱ्याची, मग हलणाऱ्याची, मग इतर काही करणाऱ्याची. मारणाऱ्याची सगळ्यात शेवटी. एवढ्या एका नियमानं खेळाडू मालिकेतल्या डॉक्टरसारखे आधी बोलून बघायला लागतात. मला तरी दोनशे पानांच्या माहितीपेक्षा हा नियम जास्त मोलाचा वाटतो.

टेबलावर त्या जगाचा एखादा पंडित असतोच: ‘त्या ग्रहावर पाऊस पडत नाही!’ पहिल्या पाळीआधीच ठरवून टाका, आपल्याकडे फक्त चित्रपट खरे, बाकी सगळं गेम मास्टरच्या हातात. तरी कुरकुर झाली तर त्याला सांगा, टिमथी झान 1991 ची स्टार वॉर्स कादंबरी लिहीत होता तेव्हा संदर्भाला त्याच्याकडे वेस्ट एंड गेम्स या कंपनीची स्टार वॉर्स आरपीजी पुस्तकं पाठवली होती. म्हणजे पंडिताच्या पोथीतला काही भाग खेळातूनच आलाय.

आणि ‘खेळ पुढच्या महिन्यात विकत घेऊ’ असं म्हणू नका. मूळ कथा वापरायचा परवाना संपला की खेळाच्या पीडीएफही विक्रीतून जातात. 2012 साली आलेला ‘मार्व्हल हिरोइक’ हा आरपीजी पुढच्याच वर्षी विक्रीतून गेला. विकत घेतलं की लगेच उतरवून ठेवा, आणि पात्रांचे कोरे कागद चार जास्तीचे छापून घ्या.