अंगणवाडीत नव्याने आलेल्या ताईसाठी: मूल कसं बघायचं

गेल्या महिन्यात शेजारच्या गावात नवी सेविका लागली. बीट मीटिंगला, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या बैठकीला, माझ्या शेजारी बसली होती. चहा येईपर्यंत गप्प, मग हळूच म्हणाली, "ताई, माझा स्वभाव तसा मायाळू नाही हो. मला जमंल का?" मला हसूच आलं. २३ वर्षांपूर्वी मी लागले तेव्हा माझं उलटं होतं. आपण मायाळू आहोत म्हणजे काम झालंच, अशा तोऱ्यात होते मी. मायाळू बायका गावात पुष्कळ आहेत. पण २४ पोरांच्या कालव्यात एक पोर आज डबा न उघडता बसलंय, हे दिसायला डोळ्याला सवय लावावी लागते. ती कशी लावायची ते मीटिंगमध्ये सांगून झालं नाही, सुपरवायझर मॅडमनी हजेरी सुरू केली. म्हणून इथे लिहितेय.

माझी अंगणवाडी वाळवा तालुक्यात, ऊसपट्ट्यात. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, एक मी आणि एक मदतनीस मावशी. गावची २४ मुलं पटावर. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचा बॉयलर पेटला की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, ओढ्याकाठी त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि मार्चपर्यंत आणखी सात-आठ पोरं वाढतात. खाली जे सांगतेय ते या खोलीतलं आहे. तुमच्या खोलीत थोडं इकडेतिकडे करून घ्या.

सकाळी दारात पाटावर बसा. उभ्या राहू नका. उभ्या बाईचं पोराला दिसतं काय, तर साडीच्या निऱ्या. पाटावर बसलात की तोंडासमोर तोंड येतं. प्रत्येकाला नावाने हाक मारा आणि एकच गोष्ट त्याची-त्याची विचारा. "म्हशीला रेडकू झालं का?" "आज्जी आली का आष्ट्याहून?" दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांत अंग गरम आहे का, रडून आलंय का, कालचाच सदरा आहे का, सगळं कळतं. मावशी तेवढ्या वेळात आत आलेल्यांना ठोकळे काढून देते.

नवीन पोर रडतं तेव्हा आईला मागच्या दाराने पळवू नका. मी कैक वर्षं हेच केलं. पोराचं लक्ष खुळखुळ्यात गुंतवायचं आणि आईला डोळ्याने खुणवायचं, जा. पोर वळून बघतं तर आई नाही. दुसऱ्या दिवशी ते पोर खुळखुळ्याकडे बघत नाही, आईचा पदर दोन्ही मुठींनी धरून बसतं, आणि त्याचं बरोबरच आहे. आता आईलाच सांगायला लावते, "मी खुरपायला चालले, तू खिचडी खाल्लीस की येते." रडतं, पण फसवलं गेल्याचं रडणं वेगळं असतं. वेळ घड्याळाची सांगू नका, त्याला १ वाजता म्हणजे काय ते ठाऊक नाही. खिचडी ठाऊक आहे. आणि आईला दम भरून ठेवा की खिचडीनंतर खरंच यायचं. पहिला आठवडा तरी.

आता वही. हे मी सगळ्यात जास्त सांगणार, कारण बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

एक १०० पानी वही घ्या. सरकारी रजिस्टर नाही, स्वतःची. प्रत्येक मुलाला दोन पानं. रोज सकाळी तीन नावं ठरवायची आणि त्या दिवशी त्या तिघांना जरा जास्त बघायचं. आठ दिवसांत २४ मुलं फिरून होतात. मुलं गेल्यावर तिघांची एकेक ओळ लिहायची. नियम एकच: डोळ्याने पाहिलं आणि कानाने ऐकलं तेवढंच लिहायचं. "हट्टी आहे" असं लिहायचं नाही. "लाल गाडी मागितली, दिली नाही तेव्हा पायताणं फेकली" असं लिहायचं. "हट्टी" लिहिलं की विषय संपला, आपण त्याचं पुढे काही करत नाही. गाडीचं लिहिलं तर निदान लाल गाडी एकच का आहे हा प्रश्न तरी पडतो.

एक पोरगा चावायचा. जवळजवळ रोज कुणाच्या तरी दंडावर दात. त्याचं नाव मी रोजच्या तिघांत धरलं आणि ओळीच्या पुढे वेळ लिहायला लागले. दोन आठवड्यांनी वेळा बघितल्या: साडेअकरा, पावणेबारा, साडेअकरा. म्हणजे खिचडीला फोडणी बसून वास सुटतो आणि ताट मिळायला अवकाश असतो तेव्हा. आईला विचारलं. ती सातला भांगलणीला जाते, पोर उठतं आठला आणि आज्जीचा चहा पिऊन येतं. त्याला आम्ही साडेदहाला राजगिऱ्याचा लाडू द्यायला लागलो. मग एकट्याला कसा द्यायचा म्हणून सगळ्यांनाच अर्धा-अर्धा. चावणं महिन्याकाठी एकदा-दोनदावर आलं. पूर्ण बंद झालं म्हटलं तर ते खोटं होईल.

त्याच वहीतली माझी चूकही सांगते. एक मुलगी होती, भिंतीला टेकून बसायची, त्रास काही नाही. गाण्यात मागे राहायची. माझ्या डोक्यात तिचं नाव "मंद" पडलं होतं, बोलले नव्हते एवढंच. तीन महिन्यांनी आरोग्य तपासणीचं पथक आलं. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, त्यातलं. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली तर दोन्ही कान वाहत होते, पोरीला अर्धंमुर्धंच ऐकू येत होतं. घरी येऊन वही काढली. माझ्याच अक्षरात चार वेळा लिहिलेलं: "हाक मारली, ऐकलं नाही. मावशी समोर गेल्यावर लगेच उठली." नुसतं लिहून ठेवलं होतं, वाचलं नव्हतं. तेव्हापासून शनिवारी अर्धा तास वही वाचते. लिहिण्यापेक्षा ते वाचणं जड जातं, कंटाळा येतो, तरी वाचते. आणि गुमान बसणारी पोरं आधी वाचते. दंगा करणाऱ्याकडे लक्ष आपोआप जातंच.

प्रश्न विचारल्यावर थांबा. आपण विचारतो "हा कुठला रंग?" आणि पोराने तोंड उघडायच्या आत आपणच "पि... पि..." करून सांगून टाकतो. मी पदराआड बोटं मोजते, पाच. चौथ्या बोटाला पुष्कळदा उत्तर येतं. तेही कधी रंगाचं नसतं. "आमच्या बैलाची झूल" असं येतं. घ्या ते उत्तर, झूल पिवळीच असते.

कोप्यांवरच्या मुलांचं थोडं वेगळं.

त्यांच्यातलं एक चार वर्षांचं पोर गाणं सुरू झालं की झोपायचं. बसल्या जागी मान टाकायचं. मी पहिले दोन दिवस टाळ्या वाजवून उठवलं त्याला. मग एका संध्याकाळी गृहभेटीला कोपीवर गेले. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, पहाटे ३ ला उठून दोघंही फडात. पोरालाही तेव्हाच जाग येते, कारण कोपीत एकच जागा. मग आठ वर्षांची बहीण त्याला सांभाळते आणि दहाला आमच्याकडे सोडते. (तिची शाळा कुठे गेली हे विचारायला मला जीभ उचलली नाही त्या दिवशी. नंतर शाळेतल्या गुरुजींशी बोलले.) आमच्या दहाच्या गाण्याच्या वेळी त्या पोराचे सात तास होऊन गेलेले असतात. आता कोपऱ्यात गोधडी असते. गावच्या पोरांनी विचारलं, हा का झोपतो? मी म्हटलं, त्याची रात्र लवकर संपते. त्यांना पटलं. पोरांना पटतं, मोठ्यांना समजवावं लागतं.

घरची भाषा शिकून घ्या, निदान पाच-सहा शब्द: आई, पाणी, भूक, शी, दुखतंय. एका तांड्यावरच्या पोरीने पहिल्या दिवशी "याडी, याडी" म्हणून आकांत मांडला. मावशीला वाटलं गाडी म्हणतेय. तिने तिला कडेवर घेऊन तासभर रस्त्यावरचे ट्रॅक्टर दाखवले. याडी म्हणजे आई, बंजारा बोलीत. दुसऱ्या दिवशी मी नुसतं म्हटलं, "याडी येणार, खिचडी खाल्ली की," तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू भिंत बोलली. बीडची पोरं आईला "माय" म्हणतात, त्यावर गावची पोरं फिदीफिदी हसायची. म्हणून आम्ही एक दिवस सगळ्यांनी आपापल्या घरी आईला काय म्हणतात ते सांगितलं. आई, आये, मम्मी, माय, याडी, आणि एकाने सांगितलं "ए". त्यावर मावशीच सगळ्यात जास्त हसली.

कोपीवर जायचं माझ्या डोक्यात आलं ते काही माझं शहाणपण नाही. प्रशिक्षणात ऐकलेलं: डहाणूकडे बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम केलं तेव्हा आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणायचे. अंगणवाडीची सरकारी योजना सुरू झाली १९७५ साली, अंगणवाडी हा शब्द त्याच्या आधीचा, या अंगणातल्या बालवाडीचा. आपण मात्र अंगण सोडून खोलीत बसलो आणि पोरं येत नाहीत म्हणून रजिस्टरला लाल खुणा करतो.

चड्डी ओली झाली तर आवाज करू नका. पेटीत चार-पाच जुन्या चड्ड्या ठेवा, मावशीला नुसती खूण करा, कोपऱ्यात बदलून होते.

शेवटी तुमचं स्वतःचं. डोकं दुखत असतं, घरी भांडण झालेलं असतं, मानधन थकलेलं असतं, आणि नेमकं त्या दिवशी एक पोर सहाव्यांदा पाणी सांडतं. अशा वेळी हात उठतो. खोटं कशाला बोलू, माझाही एकदा उठला होता, पोराच्या डोळ्यांत बघून खाली आला. तेव्हापासून मावशीशी ठरलंय. मी म्हटलं, "मावशी, चूल मी बघते," की ती काही न विचारता उलथनं माझ्या हातात देते आणि पोरांत जाऊन बसते. पाच मिनिटं खिचडी ढवळायची. तीही कधीकधी म्हणते, "ताई, दळण आणून येते," आणि मला कळतं की दळण कालच आणलंय. दोघींमध्ये असा एखादा शब्द ठरवून ठेवा. जिथे मदतनिशीला हलकं बोललं जातं तिथे ही सोय होत नाही, हे लक्षात असू द्या. फोनवरची माहिती भरायची ती हजेरीपुरती सकाळी, बाकी पोरं गेल्यावर. फोन हातात असताना पोरगं तुमच्याशी बोललं तर तुम्ही "हं" म्हणता. ते "हं" त्याला बरोबर ओळखू येतं.

मार्चमध्ये टोळ्या परततात. जाताना मी प्रत्येक आईच्या हातात वहीतलं एक पान देते, गावाकडच्या अंगणवाडीत दाखवायला. त्या झोपणाऱ्या पोराच्या पानावर लिहिलं होतं: "सकाळी झोपतो, उठवू नये. शेंगदाण्याची चटणी आवडते. कुत्र्याला भितो. बाटलीनेच दूध पितो." आईने पान घडी करून ब्लाउजात ठेवलं. दिवाळीनंतर टोळी परत आली तेव्हा तिने तेच पान काढून दिलं, हळदीचा डाग पडलेलं. माझ्या ओळींखाली निळ्या पेनाने दुसऱ्या कुणाचं तरी अक्षर होतं: "बाटली सुटली. कुत्र्याला अजून भितो. ठिपक्यांची रांगोळी छान काढतो, खडू द्यावा."