लारावेलची क्यू लावताना: एकच जॉब दोनदा का चालतो?

लारावेल (पीएचपीचं फ्रेमवर्क), रेडिस (मेमरीतला डेटा-स्टोअर, क्यू म्हणजे कामांची रांग इथे त्यात राहते) आणि सुपरवायझर (प्रोग्राम सतत चालू ठेवणारं साधन) सर्व्हरवर आहेत असं धरतो. एन्व्ह फाइलमध्ये क्यू कनेक्शन 'रेडिस' करा, जॉबचा (मागे चालवायच्या कामाचा) क्लास लिहा, डिस्पॅच करा, म्हणजे रांगेत टाका. इथपर्यंत कुणीही पोचतं. रेडिसची मेमरी-पॉलिसी मात्र 'नोइव्हिक्शन' (काहीच न उडवणारी) हवी. कॅशसाठीची 'ऑलकीज-एलआरयू' तशीच राहिली, तर मेमरी भरल्यावर रेडिस तुमची क्यूच उडवू शकतो.

आता खरी गोम. वर्करने (रांगेतले जॉब चालवणाऱ्या प्रोसेसने) जॉब उचलला की लारावेल त्यावर मुदत लावतं, पण वर्कर राबतोय की मेलाय हे त्याला कळत नाही. 'रिट्राय आफ्टर'चे सेकंद संपले की तो जॉब पुन्हा रांगेत येतो. मुळातला आकडा 90 आहे. वर्करचा 'टाइमआउट' (एक जॉब जास्तीत जास्त किती सेकंद चालू द्यायचा) वेगळा, तो 60.

एका क्लायंटकडे पगारपत्रकांचा जॉब चार मिनिटं चालायचा आणि साठाव्या सेकंदाला मरायचा. 'टाइमआउट वाढवा' हा सगळीकडे मिळणारा सल्ला मी ऐकला, 600 केला, घरी गेलो. 'रिट्राय आफ्टर' 90 वरच. तीन वर्कर, ट्राइज (एका जॉबचे जास्तीत जास्त प्रयत्न) 3. पहिला काम करतोय तोच दीड मिनिटाने दुसऱ्याने तोच जॉब घेतला, मग तिसऱ्याने. प्रत्येक कर्मचाऱ्याला एकाच महिन्याच्या तीन स्लिपा! सकाळी आलेले फोन अजून आठवतात. ट्राइज 1 असता तर तिथे उलटीच गंमत झाली असती: पहिला वर्कर काम करत असतानाच जॉब 'फेल' म्हणून नोंदला गेला असता.

म्हणून टाइमआउट नेहमी 'रिट्राय आफ्टर'पेक्षा कमी. मी 300 आणि 330 ठेवतो. 'रिट्राय आफ्टर' कनेक्शनला लागतो, रांगेला नाही. म्हणून लांबलचक जॉबना वेगळं कनेक्शन आणि वेगळी रांग द्या. पीएचपीत 'पीसीएनटीएल' एक्स्टेन्शन नसेल तर टाइमआउट चालतच नाही, हेही तपासा.

खरं तर चार मिनिटांचा जॉब लिहूच नका. एका कर्मचाऱ्यामागे एक जॉब करा, आणि स्लिप पाठवण्याआधी ती आधीच गेली आहे का, हे डेटाबेसला विचारा.

सुपरवायझरमध्ये ऑटोरीस्टार्ट चालू, नमप्रॉक्स (किती वर्कर चालवायचे) 3. 'स्टॉपवेटसेक्स' (वर्कर थांबवताना किती सेकंद वाट बघायची) मुळात फक्त 10 असतो. तेवढ्यात काम उरकलं नाही तर सुपरवायझर वर्करला ठार मारतो आणि अर्धवट जॉब काही वेळाने पुन्हा उगवतो. तो 360 करा.

दर डिप्लॉयनंतर (नवा कोड सर्व्हरवर चढवला की) 'क्यू:रीस्टार्ट' चालवा. वर्कर जुना कोड मेमरीत धरून बसलेला असतो.

शेवटी 200 सेकंद नुसता झोपणारा एक जॉब लिहा, सुरू होताना लॉगमध्ये ओळ टाकू द्या, आणि दोन वर्कर चालू ठेवून तो रांगेत सोडा. लॉगमध्ये दोन ओळी दिसल्या तर वर्कर जुन्याच कॉन्फिगवर चालतोय. 'कॉन्फिग:कॅश' करून तो पुन्हा सुरू करा.