राष्ट्रीय विमान कंपनीत बदल करायचा तर कोणते कागद आधी वाचावेत

राष्ट्रीय विमान कंपनीच्या मनुष्यबळ विभागात किंवा परिवर्तन कक्षात रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी मागून घ्या. प्रत्येक गटाची ज्येष्ठता यादी, संघटनांशी झालेले सगळे करार त्यांच्या पुरवणी पत्रांसह, आणि गेल्या बारा महिन्यांची प्रत्यक्ष रोस्टर, म्हणजे कुणाची ड्युटी कधी आणि कुठे याचे तक्ते. पुरवणी पत्रे मुद्दाम सांगतो आहोत, कारण मूळ करार नीटनेटका छापलेला मिळतो. पण कंपनीचे पाय बांधून ठेवणारी अट बहुधा वीस वर्षांपूर्वी एखादा संप मिटवताना दिलेल्या एका पानाच्या पत्रात असते. ते पत्र कधी संघटनेच्या कपाटातच सापडते.

नव्या स्पर्धकाशी तुलना नेहमी प्रति आसन-किलोमीटर खर्चावर, म्हणजे एक आसन एक किलोमीटर नेण्याच्या खर्चावर होते. हा आकडा फोडून पाहा. इंधन दोघांनाही जवळपास सारख्याच भावाने मिळते, विमानेही त्याच दोन-तीन कारखान्यांतून येतात. मोठा फरक पडतो तो विमान दिवसाला किती तास हवेत असते, एका विमानामागे किती वैमानिक आणि केबिन क्रू लागतात, किती रात्री क्रूला बाहेरगावी हॉटेलात ठेवावे लागते आणि जमिनीवरची कामे किती हातांत वाटली आहेत यामुळे. ही सगळी उत्तरे त्या तीन कागदांत आहेत. नवे बोधचिन्ह, नवा गणवेश यांना त्यांची जागा आहे, पण ती नंतरची.

एक टर्नअराउंड, म्हणजे विमान येऊन पुन्हा सुटेपर्यंतचा थांबा, जवळून पाहा, म्हणजे मुद्दा हाताला लागेल. एकच मार्गिका असलेले, 180 आसनांचे विमान बेवर, म्हणजे उभे राहण्याच्या जागेवर लागते. स्वस्त सेवेची कंपनी ते 25 ते 30 मिनिटांत परत सोडते. जुन्या राष्ट्रीय कंपनीच्या वेळापत्रकात त्याच विमानाला 50 ते 60 मिनिटे लिहिलेली असतात. घड्याळ घेऊन रॅम्पवर उभे राहा आणि नोंद करा: चाकांना अडसर लागला ती वेळ, पहिले दार उघडले, शेवटचा प्रवासी उतरला, सफाई सुरू झाली, सफाई संपली, पहिला प्रवासी चढला, लोडशीट (विमानातल्या वजनाचा तक्ता) कॉकपिटमध्ये आली, दार बंद झाले. प्रवाशांच्या उतरण्या-चढण्याच्या वेळेने एवढा मोठा फरक पडत नाही. जादा वेळ जातो तो कामांच्या सांध्यांमध्ये. सफाईची टोळी सगळे प्रवासी उतरेपर्यंत शिडीखाली थांबते, कारण आसनाच्या खिशातला कचरा उचलणे क्रूच्या कामाच्या यादीत नाही. मागचे दार उघडत नाही, कारण दुसरी शिडी लावणारा गट वेगळ्या विभागाचा आहे. सफाई झाल्याची सही करणारा पर्यवेक्षक तीन विमानांत फिरतो आहे. क्रूचे दुसरे पथक याच विमानावर चढणार आहे आणि ते अजून बसमध्ये आहे.

दिवसाला सहा सेक्टर, म्हणजे सहा उड्डाणे करणाऱ्या विमानाचे मधले पाच थांबे असतात. प्रत्येक थांब्यात पंधरा मिनिटे वाचली तर सव्वा तास हाती येतो, म्हणजे जवळच्या मार्गावरचा एक जादा सेक्टर. पण नुसते वेळापत्रकात 55 च्या जागी 40 लिहिले आणि सांधे तसेच ठेवले, तर पहिल्या थांब्यावरचा उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो. डिले कोडचे, म्हणजे उशिराच्या कारणांना दिलेल्या क्रमांकांचे रजिस्टर हे लगेच दाखवते. 93 हा कोड, म्हणजे आधीच्या फेरीचे विमान उशिरा आले, सगळ्यात वर चढतो आणि खरे कारण सकाळच्या पहिल्या उड्डाणाच्या कोडमध्ये दडून राहते. म्हणून आधी एकाच तळावर, दोन-तीन विमानांवर, सहा आठवडे नवी पद्धत चालवा आणि सकाळचे पहिले उड्डाण वेळेवर सुटते का एवढेच रोज पाहा.

आता ज्येष्ठता यादी. बाहेरून आलेल्या सल्लागारांना हिचे वजन कळायला सर्वाधिक वेळ लागतो. वैमानिकाला कमांड (कॅप्टनपद) कधी मिळणार, कोणते विमान उडवायला मिळणार, कोणता तळ, कोणत्या महिन्यात रजा, हे सगळे त्या यादीतल्या क्रमांकावर ठरते. दोन कंपन्या एकत्र करताना यादी कशी विणायची याचे ढोबळ मार्ग तीन: रुजू होण्याच्या तारखेप्रमाणे, सध्याच्या पदाप्रमाणे, किंवा दोन्हीकडच्या संख्येच्या प्रमाणात एकाआड एक. तारखेचा मार्ग न्याय्य वाटतो, पण एका कंपनीत आठव्या वर्षी कमांड मिळत असेल आणि दुसरीत चौदाव्या, तर पहिलीतला कॅप्टन दुसरीतल्या को-पायलटच्या खाली जातो. हे घोंगडे भिजत ठेवले की काय होते ते एअर इंडियाने दाखवले आहे. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स कागदावर एक झाल्या. वेतन आणि श्रेणी जुळवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली, आणि 2012 मध्ये बोइंग 787 चे प्रशिक्षण कोणत्या बाजूच्या वैमानिकांना द्यायचे यावरून जवळपास दोन महिने संप चालला. विलीनीकरणाला तेव्हा पाच वर्षे झाली होती. ब्रिटिश एअरवेजचेही तसेच: बीओएसी आणि बीईए या दोन ब्रिटिश सरकारी विमान कंपन्या 1974 मध्ये एकत्र आल्या, तरी पुढच्या दशकापर्यंत आत दोन घरे नांदत होती. विलीनीकरणाची तारीख जाहीर करण्याआधी यादीचे सूत्र आणि ते ठरवणारा त्रयस्थ पंच या दोन गोष्टी ठरवून घ्या. सूत्र कसेही असो, ज्यांचे नुकसान होणार त्यांना सध्याच्या तळावर आणि सध्याच्या विमानावर ठरावीक वर्षांचे संरक्षण द्यावेच लागते.

पगाराची रचना बदलताना भत्ते फार सांभाळून हाताळा. क्रूच्या हातात पडणाऱ्या रकमेचा मोठा वाटा उड्डाणतास आणि लेओव्हरच्या (बाहेरगावच्या मुक्कामाच्या) भत्त्यांतून येतो. वेळापत्रक असे बदलले की क्रू त्याच दिवशी घरी परतू लागला, तर कंपनीचे हॉटेल वाचते, क्रूला रात्र घरी मिळते आणि पगार मात्र घटतो. सरासरीने पाहिले तर बदल बरा दिसतो. सरासरीचा पगार मात्र कुणाच्याच खात्यात जमा होत नाही. 1997 साली ब्रिटिश एअरवेजच्या केबिन क्रूचा वाद भत्ते पगारात मिसळण्यावरूनच पेटला. एप्रिल 2024 मध्ये, एअर इंडियात विलीन होण्याच्या तयारीत असलेल्या विस्तारा या विमान कंपनीच्या वैमानिकांचा रोषही हमखास पगाराचे तास 70 वरून 40 वर आणण्याबद्दल होता, आणि कंपनीला उड्डाणे कमी करावी लागली. त्यामुळे बोलणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या गेल्या बारा महिन्यांच्या खऱ्या रोस्टरवर नवे सूत्र चालवा. जुनी रक्कम, नवी रक्कम, फरक. कुणाला किती तोटा होतो याची यादी तुमच्याकडे संघटनेच्या आधी असली पाहिजे. तोटा होणाऱ्यांसाठी दोन-तीन वर्षांत उतरत जाणारी भरपाई ठेवा आणि तिचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरा.

प्रशिक्षणाचे गणित लोक विसरतात, म्हणून इथेच करू. दहा विमाने नव्या प्रकारची येणार. एका विमानामागे वैमानिकांच्या पाच जोड्या धरल्या तर पन्नास जोड्या. प्रत्येक जोडीला चार-चार तासांची दहा सिम्युलेटर सत्रे धरली तर पाचशे सत्रे. सिम्युलेटर दिवसाला अशी पाच सत्रे देतो, म्हणजे शंभर दिवस. पण त्याच सिम्युलेटरवर बाकीच्यांच्या सहामाही तपासण्याही होतात. निम्मीच सत्रे मोकळी असतील तर दोनशे दिवस, आणि त्यानंतर प्रशिक्षकाबरोबरची प्रत्यक्ष उड्डाणे. शिवाय हे प्रशिक्षक तुमच्याच कॅप्टनांतून काढलेले असतात, म्हणजे तेवढे कॅप्टन रोजच्या रोस्टरमधून कमी. विमान येण्याच्या तारखेवरून मागे मोजत या आणि पहिली तुकडी कधी बसवायची ते ठरवा.

नियमातला छोटासा बदलही रोस्टर मोडू शकतो. रायनएअर या स्वस्त सेवेच्या युरोपीय कंपनीने 2017 मध्ये रजेचे वर्ष बदलून कॅलेंडर वर्षाशी जुळवायला घेतले. साचलेल्या रजा उरलेल्या थोड्या महिन्यांत द्याव्या लागल्या, वैमानिक कमी पडले आणि सप्टेंबरपासून रोज चाळीस-पन्नास उड्डाणे रद्द करावी लागली. भारतात साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली तेव्हाही प्रश्न तोच होता: तेवढ्याच वेळापत्रकाला आता किती वैमानिक लागतील. अशा प्रत्येक बदलासाठी सर्वांत गर्दीच्या महिन्याचे रोस्टर नव्या नियमांवर चालवून पाहा. सरासरी महिन्याचे चालवाल तर फसाल. आणि मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, जेव्हा उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रके बदलतात, त्याच्या मागे-पुढे तीन आठवडे दुसरे काहीही नवे सुरू करू नका.

माणसे कमी करावी लागलीच तर स्वेच्छानिवृत्तीचा सापळा ओळखा. खुली योजना जाहीर केली की ज्यांना बाहेर लगेच नोकरी मिळते ते आधी अर्ज करतात. परवानाधारक अभियंते, वजनाचा हिशेब पाहणारे लोड कंट्रोलर, उड्डाणाचे नियोजन करणारे डिस्पॅचर, रोस्टर बनवणारे अनुभवी लोक. अभियंत्याचा परवाना तयार व्हायला काही वर्षे जातात. तोवर विमान हँगरमध्ये सहीची वाट पाहते. म्हणून योजनेत अर्ज नाकारण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा कंपनीचा हक्क लिहा आणि प्रत्येक तळावर प्रत्येक परवान्याची किमान संख्या आधी ठरवा. कपात करायची तर एकदाच आणि स्पष्ट करा. ब्रिटिश एअरवेजने 1981 ते 1983 मध्ये संख्या सुमारे 59,000 वरून 37,000 च्या आसपास आणली, भरपाई चांगली दिली, आणि नंतरच कर्मचाऱ्यांना ग्राहकसेवेच्या मोठ्या प्रशिक्षणाला बसवले. हा क्रम उलटा केला तर प्रशिक्षणाच्या खोलीत बसलेला माणूस आपले नाव यादीत आहे का एवढाच विचार करत असतो.

जपान एअरलाइन्सचे उदाहरण दुसऱ्या कारणासाठी अभ्यासा. जानेवारी 2010 मध्ये दिवाळखोरी, कर्मचाऱ्यांत साधारण एक तृतीयांश कपात, आणि सप्टेंबर 2012 मध्ये पुन्हा शेअर बाजारात. अध्यक्ष काझुओ इनामोरी यांनी प्रत्येक उड्डाणाचा नफा-तोटा त्या-त्या विभागाच्या लोकांना ताबडतोब दिसेल अशी व्यवस्था केली. मार्गाचा हिशेब तीन महिन्यांनी मिळणाऱ्या मार्ग-व्यवस्थापकाकडून काटकसरीची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

संघटनांशी बोलताना थेट मतदानाचा मोह आवरा. एअर फ्रान्सच्या अध्यक्षांनी 2018 मध्ये वेतनप्रस्ताव थेट कर्मचाऱ्यांपुढे मताला टाकला, 55.44 टक्के विरोधात गेले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. अलितालियात 2017 मध्ये बचाव योजना अशाच मतदानात पडली आणि ऑक्टोबर 2021 मध्ये ती कंपनी बंद झाली. राष्ट्रीय कंपनीत लोकांच्या मनात पक्के असते की सरकार शेवटी बुडू देणार नाही. तो समज आकड्यांनी मोडत नाही. पैसा कोणत्या तारखेला संपतो आणि मालक म्हणून सरकार पुढे काय करणार नाही, हे मंत्रालयाने स्वतः लेखी सांगावे लागते. ते पत्र मिळेपर्यंत बोलणी रेटू नका.

सुरक्षेचा भाग बाजूला टाकता येत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट 19 नुसार सुरक्षा व्यवस्थापन प्रणालीत बदलाचे व्यवस्थापन हा वेगळा घटक आहे. दोन विभाग एकत्र करणे, देखभाल बाहेर देणे, प्रशिक्षणप्रमुख बदलणे, या प्रत्येकासाठी धोक्यांची लेखी तपासणी लागते. महत्त्वाच्या पदांवरची माणसे बदलताना नियामकाची मान्यताही लागते. तिला लागणारे आठवडे वेळापत्रकात धरा, नाहीतर नव्या रचनेचा तक्ता भिंतीवर लागतो आणि सही करण्याचा अधिकार कुणाकडेच नसतो.

रोज सकाळी पाहायचा एक आकडा: आजारपणाची रजा, गटवार आणि तळवार. ब्रिटिश एअरवेजच्या 1997 च्या त्या वादात अधिकृत संपावर सुमारे तीनशेच जण गेले, पण आजारी असल्याचे कळवणाऱ्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट होती. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूनेही एकाच वेळी आजारपण कळवले आणि उड्डाणे रद्द झाली. आकडा नेहमीच्या दीडपट झाला की त्याच दिवशी त्या तळावर जा. ईमेल पाठवून थांबू नका. नव्या नियमांचे पहिले रोस्टर प्रसिद्ध होईल त्या संध्याकाळी क्रू कक्षात चार टेबले मांडा. प्रत्येकावर रोस्टर बनवणारा एक माणूस आणि पगार विभागातला एक माणूस बसवा, आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त करण्याचा अधिकार त्यांना लेखी द्या. पहिल्या तीन दिवसांत आलेल्या तक्रारी वेगळ्या वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या महिन्याचे रोस्टर बनवायला बसाल तेव्हा ती वही टेबलावर उघडी असू द्या.